आलुबुखाराची बारा झाडं आणि माझी कात्री

आमच्या गावात मला 'आलुबुखारवाली' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण मी किराणा दुकानात शिरले की बायकांचं बोलणं थांबायचं आणि एखादीचे दात दिसायचे. मला राग लवकर येतो, आणि आला की तो लपवता येत नाही. मी साखर मागायची तर गूळ मागून घरी यायचे, आणि मग पुन्हा साखरेसाठी जायला लागायचं.

झाडं माझे मिस्टर घेऊन आले. ते फौजेत आहेत, तेव्हा पठाणकोटला होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जानेवारीत सुट्टीवर आले ते रहिमतपूर स्टेशनात ट्रंकेबरोबर ओल्या गोणपाटाचं एक गाठोडं घेऊनच उतरले. त्यात बारा रोपं होती. रोपं म्हणजे नुसत्या काड्या, एकीलाही पान नव्हतं. थंडीत ही झाडं पानं गाळून झोपतात, म्हणून याच दिवसांत ती उपटून दुसरीकडे लावायची असतात, असं तिकडच्या बागेतल्या माळ्यानं त्यांना सांगितलं होतं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, एक काडी हातात घेऊन उन्हाकडे धरून बघितली.

"सरपण तिकडनं आणायची काय गरज हुती?" ते म्हणाले.

आठ काड्यांना लाल दोरा बांधला होता, चारांना काळा. दोन जाती होत्या. एक जात दुसरीच्या जवळ असल्याशिवाय फळ धरत नाही, असंही माळ्यानं बजावलं होतं. सासूबाईंना ही गोष्ट फार आवडली. झाडांचंही लग्न लावायला लागतं म्हणून त्या महिनाभर ज्याला त्याला सांगत होत्या. पुढे कधीतरी माझ्या मनात यायचं, झाडाला जोडीदार जवळ लागतो हे पठाणकोटच्या माळ्याला कळतं. माझा जोडीदार वर्षातले दहा महिने हजारभर मैलांवर आहे, हे मात्र या घरात कुणी लक्षात घेत नाही.

विहिरीमागच्या पाच गुंठ्यांत आम्ही दोघांनी ती लावली. सुट्टी संपून ते गेले आणि झाडं माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली म्हणते, पण मला ती हवी होती. बाकी सगळी जमीन मामांची, ऊस आणि आलं त्यांच्या मर्जीनं. त्या पाच गुंठ्यांत काय करायचं ते मी ठरवणार होते.

आणि मला झाडातलं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मी तासगावकडची, द्राक्षाच्या घरातली. छाटणी, विरळणी, काडीवरचे डोळे, म्हणजे फुटायचे कोंब, मोजणं या गोष्टी मी शाळेत पाढे शिकायच्या आधी शिकले. आमच्याकडे ऑक्टोबर आला की वडील कात्रीला तेल घालत आणि सगळं घर बागेत उतरे. काडी छाटली नाही तर घड लागत नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवत नसे, ते माहीतच असे. माझी झाडं खांद्याएवढी झाल्याचं कळलं तेव्हा वडिलांनी लाल मुठीची नवी कात्री दिली आणि म्हणाले, "हात आखडू नको." मी आखडला नाही. झाडं लावल्याच्या दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात सगळी झाडं दोन-दोन डोळ्यांवर छाटली. बांधावरून जाणारे लोक थांबून बघत होते, आणि मी मुद्दाम सावकाश छाटत होते, त्यांना नीट दिसावं म्हणून.

फळ लागलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात आणखी खोल छाटलं. जानेवारीत चार-पाच पांढरी फुलं आली आणि वाऱ्यानं गेली. तिसऱ्या ऑक्टोबरात तर मी एकही आडवीतिडवी काडी ठेवली नाही. झाडं उन्हाळ्यात हिरवीगार फुटायची, माणूस उभा दिसणार नाही इतकी दाट, आणि फळाच्या नावानं शून्य.

'वांझ' हा शब्द पहिल्यांदा माझ्या चुलत सासूबाईंनी वापरला. विहिरीवर धुणं धुताना त्या झाडांकडे हात करून म्हणाल्या, "लय वाढल्याती, पर वांझ हायती गं." म्हणताना बघत होत्या माझ्याकडे. तोवर लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. त्या दिवसापासून गावात झाडांबद्दल कुणी काही विचारलं की ते झाडांबद्दल आहे की माझ्याबद्दल, हे मला ओळखायला लागायचं. बहुतेक वेळा माझ्याबद्दलच असायचं.

मिरजेला जाऊन आलो होतो. मिस्टरांच्या एका सुट्टीत तिथल्या डॉक्टरांनी दोघांच्याही सगळ्या तपासण्या केल्या आणि दोघांतही काही दोष नाही असं लिहून दिलं. निळ्या रंगाची फाइल आहे, माझ्या कपाटात साड्यांखाली. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग काही न्हाई." त्यांना ते पटलं नाही. दोष नाही तर मूल का नाही, याचं उत्तर फाइलमध्ये नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. गावाकडे मात्र होतं, आणि ते एका शब्दात बसत होतं. तो शब्द मला माझ्यावरून आणि झाडांवरूनही पुसून हवा होता. मूल हवं होतं का? होतं. पण त्याहून जास्त मला तो शब्द नको होता. हे मी आज स्पष्ट लिहू शकते, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

चौथ्या ऑक्टोबरात मी कात्रीला तेल घालून निघाले होते. मामा पुढच्या सोप्यात चहा पीत बसले होते.

"औंदा अक्षय तृतीयेला तिकडं आल्याची लागण करायची," ते म्हणाले. "निचऱ्याची जमीन हाय. त्याच्या आदी जेसीबी लावून झाडं काढू."

"काढायचीच हायती तर मी छाटू कशाला?" मी म्हणाले आणि कात्री सोप्यातल्या खुंटीला अडकवली. इतक्या जोरात अडकवली की खुंटी हलली. यात काही विचार नव्हता, नुसता राग होता. महिनाभर मी त्या बाजूला फिरकलेही नाही.

जानेवारीत पाणी सोडायला गेले आणि बांधावरच थांबले. सगळी झाडं पांढरी झाली होती. पान एकही नाही आणि खोडापासून शेंड्यापर्यंत फुलं. मधमाश्यांचा आवाज विहिरीपर्यंत येत होता. आधी आनंदच झाला. मग जवळ जाऊन बघितलं तर फुलं नव्या काडीवर फारशी नव्हती. जुन्या फांद्यांवर बोटाच्या पेराएवढे आखूड, गाठाळ फुटवे होते, ते सगळे फुलांनी भरले होते. ते फुटवे मला चांगले ओळखीचे होते. तीन वर्षं दर ऑक्टोबरात मी ते कचाकच छाटून जमिनीवर पाडले होते, फालतू म्हणून.

मी तिथंच बांधावर बसले. संध्याकाळी मिस्टरांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी माळ्याला विचारलं. माळी हसला म्हणे. 'ये अंगूर थोडे ही हैं,' असं म्हणाला. जुन्या लाकडावर फळ येतं, वाळलेलं आणि आत वळलेलं तेवढं काढायचं, बाकी हात लावायचा नाही.

"घरी सांगू का?" मिस्टरांनी विचारलं.

"सांगून तर बघा," मी म्हणाले.

मी कुणालाच सांगितलं नाही. तीन वर्षं लोकांचं बोलणं ऐकलं, झाडांची बाजू घेऊन भांडले, आणि कात्री माझ्याच हातात होती. हे कबूल करायला मी तयार नव्हते. झाडांना देवानं फळ दिलं असं गाव म्हणत असेल तर म्हणू दे, असं मी ठरवून टाकलं.

मामांनी फळ धरलेलं बघितलं, पण ते विरघळले नाहीत. "फळ धरलं म्हंजी पीक झालं व्हय? ह्ये खाणार कोन?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "लागण मेअखेरीला करतो. तवर फळाला खाणारं माणूस दिसलं तर झाडं ऱ्हातील. झाडाखाली कुजाय लागलं, तर जेसीबी येणार. मग मला बोलायचं न्हाई."

मी म्हणाले, "एक बी कुजणार न्हाई." म्हणायला काय जातं.

मे महिन्याच्या सुरुवातीला फळं पिकायला लागली आणि मला कळलं की मी काय बोलून बसले आहे. द्राक्ष वेलीवर थांबतं, चार दिवस इकडेतिकडे चालतं. हे फळ थांबायला तयार नाही. सकाळी लाल असलेलं संध्याकाळी जांभळं, दुसऱ्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी खाली. बाराही झाडं एकदम आली. फांद्या वाकून जमिनीला टेकल्या, त्यांना मी शेतावरच्या खोलीतले बांबू टेकू म्हणून लावले. पोपट, बुलबुल, गांधीलमाश्या, सगळ्यांना बातमी लागली. माहेराहून द्राक्षाचे रिकामे क्रेट मागवले तर ते दोन दिवसांत भरले. मामा रोज सकाळी काठी घेऊन झाडाखाली फिरायचे आणि काठीनं पानं उलटी करून कुजलेलं फळ शोधायचे. म्हणून मी त्यांच्याआधी, तांबडं फुटायच्या सुमाराला, पडलेलं सगळं वेचून टाकायचे. ते यायचे तेव्हा खाली झाडून घेतल्यासारखी जमीन. ते नुसते खाकरायचे.

दोन क्रेट घेऊन एसटीनं साताऱ्याच्या मंडईत गेले. तिथल्या व्यापाऱ्यानं एक फळ उचललं.

"ताई, ह्यो टोमॅटो हाय का काय?"

"आलुबुखार हाय."

त्यानं चावा घेतला. साल आंबट असते, ते आधी लागतं. त्याचा एक डोळा मिटला. "टोमॅटोच्या भावात देत असाल तर ठेवा," तो म्हणाला.

"टोमॅटोच्या भावात टोमॅटोच ठेवा," मी म्हणाले आणि दोन्ही क्रेट उचलून परत स्टँडवर आले. हात भरून आले होते आणि डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं.

परतीच्या गाडीत दुपारचं ऊन पत्र्यातून आत येत होतं. एक क्रेट पायाशी आणि एक मांडीवर. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, हे काय. मी एक तिच्या हातात दिलं. तिनं चोखलं, तोंड वाकडं केलं, मग थांबली आणि दुसरं मागितलं. आतला गर गोड असतो, तिथवर पोचायला लागतं. मग पुढच्या सीटवरची बाई वळली, मग कंडक्टर आला. कोरेगाव येईपर्यंत मांडीवरचा क्रेट संपला होता आणि खिडक्यांतून बिया बाहेर पडत होत्या. मी पैसे मागितले नाहीत, मला सुचलंच नाही. उतरताना एका बाईनं माझ्या गावाचं नाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून पिशवी घेऊन आली. मामा सोप्यात होते. तिनं त्यांनाच विचारलं, "आवं, ती आंबाटगोड फळं हितंच मिळत्यात न्हवं?" मामांनी हातानं विहिरीकडे दाखवलं. त्या दिवशी ते झाडाखाली काठी घेऊन गेले नाहीत.

तरी सगळं खपणारं नव्हतंच. माझ्या मदतीला सासूबाई आल्या, आणि त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांना झाडं नको होती. पण अन्न वाया गेलेलं त्यांना बघवत नाही, शिळी भाकरीसुद्धा त्या फोडणी देऊन संपवतात. एका सकाळी मी वेचत होते तर त्या पदर खोचून समोरून वेचत आल्या.

"तुझ्या झाडांसाठी न्हाई करत म्या," त्या म्हणाल्या. "नासाडी बघवत न्हाई म्हणून करती."

"करा की," मी म्हणाले.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात दुसरं काही शिजलं नाही. आमटीत चिंचेच्या जागी आलुबुखार. मोठ्या पातेल्यात गुळांबा, आमच्याच गुऱ्हाळाच्या गुळाचा. तो ढवळताना माझ्या मनगटावर उडून फोड आला, तो डाग अजून आहे. गच्चीवर पापडाच्या प्लॅस्टिकवर गर पसरून पोळी घातली, आंब्याची घालतात तशी, आणि राखायला सासूबाई छत्री घेऊन बसल्या. मीठ लावून वाळवलेल्या फोडी त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केल्या आणि त्या इतक्या चांगल्या झाल्या की मला दोन दिवस कौतुक करावंसं वाटेना. गावातल्या प्रत्येक घरात आम्ही वाडगा भरून पाठवला. जी घरं हसत होती तिथे मी स्वतः गेले. वाडगा पुढे करून उभी राहायचे, रिकामा परत मिळेपर्यंत हलायचे नाही.

सगळ्यात जास्त फळं खाल्ली माझ्या धाकट्या जावेनं. तिला सातवा महिना होता आणि तोंडाला चव नव्हती. पहिलं पाडाचं फळ तिनंच मागून घेतलं, मीठ लावून. त्यानंतर तिच्या खोलीत उशाशी कायम एक वाटी असायची आणि खिडकीखाली बियांचा ढीग. ती मला आक्का म्हणते. तिच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं. तिचं पोट बघून मला काही वाटत नव्हतं असं म्हणणार नाही. वाटायचं. पण त्यात तिचा काय दोष.

त्याच महिन्यात तिचं डोहाळजेवण निघालं. गावातल्या बायका जमल्या, हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं व्यवस्थित. ओटी भरायची वेळ आली तेव्हा सासूबाई माझ्याजवळ आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जरा पुऱ्यांचं बघ." मला कळलं. पोटुशीची ओटी मूल नसलेल्या बाईनं भरायची नाही, ही आमच्याकडची रीत आहे. कुणी उघड सांगत नाही, कामाला लावतात. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक तिंबायला घेतली. जरा जास्तच जोरात तिंबली.

मधे नुसतं दार होतं. चुलत सासूबाईंचा आवाज आला.

"ओटीत ती आलुबुखारं घाला गं पाच. वांझ झाडाला देवानं फळ दिलं, लय शकुनाचं फळ हाय त्ये. आन थोरलीच्या पदरात बी एक टाका नंतर. झाडावरचं गेलं, तिच्यावरचं बी जाईल."

दोन-चार बायका हो हो म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. मी गप्प बसले असते तर झाडं शकुनाची झाली असती, माझी चूक कायमची झाकली गेली असती, आणि मी नवसाची बाई म्हणून पदर पसरून उभी राहिले असते. फक्त उभं राहायचं होतं.

मी गॅस बंद केला आणि कणकेच्या हातानं बाहेर आले.

"झाडं वांझ न्हवती," मी म्हणाले. "तीन वरसं मीच त्यांची फळं कापत हुते. मला वाटलं द्राक्षासारखं छाटायचं असतंय. न्हाई छाटायचं. औंदा रागानं छाटलं न्हाई म्हणून फळ आलं. देवाचा काय संबंध न्हाई त्यात."

मी चुलत सासूबाईंकडे वळले. "आन माझं म्हणाल, तर मिरजेची फाइल कपाटात हाय. आणून देते. वाचा, न्हाई तर वाचून घ्या. तवर हा शब्द ह्या घरात पुन्हा काढायचा न्हाई. झाडाला बी न्हाई आन मला बी न्हाई."

मी आवाज मोठाच ठेवला. सासूबाई खाली बघत होत्या. चुलत सासूबाईंनी काहीतरी पुटपुटून पदर डोक्यावर ओढला.

तेव्हा पाटावर बसलेली माझी जाऊ म्हणाली, "आक्का, हात धुऊन या. ओटी तुमी भरा." आणि तिनं पदर पुढे धरला. कुणीतरी तिला गप्प करायला गेलं तर ती म्हणाली, "पदर माझा हाय."

मी हात धुतले. नारळ, तांदूळ, खण आणि पाच आलुबुखारं तिच्या ओटीत घातली. त्यातलं एक तिनं तिथंच उचललं आणि खाल्लं, ओटीतलं असं खात नाहीत तरी. रस हनुवटीवरून हिरव्या साडीवर सांडला. डाग निघाला नाही नंतर, मी दोनदा धुतली साडी.

मामा बाहेर सोप्यात होते, आणि आमच्या घरात आतलं बोललेलं बाहेर ऐकू येतं. बायका जेवून गेल्यावर मी भांडी बाहेर आणली तर ते खुंटीखाली उभे होते, कात्री हातात घेऊन.

"तीन वरसं तू त्यांची पोरं मारलीस आन शिव्या म्या झाडांना दिल्या," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले.

"मला आदी बोलली असतीस."

"तुमी तर जेसीबी आणणार हुता."

त्यांनी कात्री उघडझाप करून बघितली. मग आत गेले, आपली ट्रंक उघडून कात्री कपड्यांच्या खाली ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली मला दाखवून कनवटीला खोचली.

"ह्ये हत्यार आता माझ्याजवळ ऱ्हाईल," ते म्हणाले. "आलं वरच्या तुकड्यात लावतो."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. कात्री माझी होती, माझ्या वडिलांनी दिलेली. पण झाडं राहिली होती, म्हणून मी भांडी घासायला बसले आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना शेवटचा शब्द बोलू दिला.